राहण्याचे घर आणि ठेवण्याचे घर

मुंबई-पुण्यातला पगारदार मराठी माणूस घर घेतो ते बहुधा तिशी-पस्तिशीत. त्या वयाच्या गरजा ठरलेल्या असतात. शाळा जवळ हवी, स्टेशन किंवा कंपनीची बस गाठता यावी, हप्ता पगारात बसावा आणि वरच्या मजल्याचा दर थोडा कमी असेल तर जिना चढायला कोणाची ना नसते. वीस वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत पन्नाशी आलेली असते आणि ज्या गरजांसाठी ते घर निवडले त्या एकेक करून सरलेल्या असतात. मुले शिक्षणाला किंवा नोकरीला बाहेर पडलेली, आईवडिलांना गावाहून इकडे आणायची वेळ झालेली, गुडघे कुरकुरू लागलेले, नोकरीची वर्षे थोडी उरलेली. त्यातच कोणाचा घटस्फोट होतो, कोणी स्वेच्छानिवृत्ती घेतो, कोणावर ती लादली जाते. एवढे सगळे बदलते, पण घराविषयीचा हिशेब मात्र वीस वर्षांपूर्वी मांडला तसाच वहीत राहतो.

आपल्याकडे एकच सदनिका तीन कामे करत असते. ती राहण्याची जागा असते, आयुष्यातली सर्वात मोठी बचत असते आणि मुलांना द्यायचा वारसाही असते. तिशीत ही तिन्ही कामे एकाच दिशेने चालतात: हप्ते भरत जावे, म्हणजे तिन्ही साधतात. पन्नाशीत त्यांच्या वाटा फुटतात. राहण्यासाठी सोयीची जागा लागते, बचतीचा उपयोग व्हायचा तर हातात येणारा पैसा लागतो आणि वारसा म्हणतो की काहीही विकू नका, आहे तसे ठेवा. या लेखाचे म्हणणे असे की या तिघांचा क्रम पन्नाशीतच ठरवावा आणि तो राहणे, उत्पन्न, वारसा असा असावा. प्रत्यक्षात तो बरोबर उलटा लावला जातो. लावला जातो म्हणण्यापेक्षा, कोणी न लावल्यामुळे तो आपोआप तसा लागतो.

शरीरापासून सुरुवात करू, कारण तिथे पुरावा सर्वात स्वच्छ आहे. म्हातारपणाचा विचार पन्नाशीत कशाला, हा प्रश्न नेहमीचा आहे. पण भारतातल्या वार्धक्याचा जो सर्वात मोठा दीर्घकालीन अभ्यास, ‘लासी’ या नावाने ओळखला जाणारा, 2017-18 मध्ये सुरू झाला, त्यात साठीची वाट पाहिलेली नाही. 45 वर्षे आणि त्यावरील बहात्तर हजारांहून अधिक लोक त्यात घेतले आहेत. वार्धक्याची तयारी कुठून मोजायची याचे उत्तर त्या निवडीतच आहे. दुसरा पुरावा न्यूझीलंडच्या तारानाकी भागातला. तिथल्या आठशेहून अधिक घरांपैकी काहींत जिन्याला कठडे, न्हाणीघरात पकडायचे दांडे, बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडांना आणि निसरड्या जागी न घसरणारे आवरण असे साधे बदल केले आणि उरलेली घरे तुलनेसाठी तशीच ठेवली. 2015 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, बदल केलेल्या घरांत पडून होणाऱ्या दुखापती वर्षाला 26 टक्क्यांनी कमी झाल्या. या अभ्यासात फक्त वृद्धांची घरे नव्हती, सर्व वयांची माणसे होती. म्हणजे न्हाणीघरातल्या दांड्याचा उपयोग सुरू व्हायला सत्तरी यावी लागत नाही.

आणि घराला हात लावण्याची वेळही आपसूक पन्नाशीतच येते. कर्ज फिटलेले असते, मुलीचे किंवा मुलाचे लग्न तोंडावर असते आणि घर ‘नवे करून’ घेतले जाते. त्या कामात पैसा जातो कशावर? चकचकीत टाइल्सवर, फॉल्स सीलिंगवर आणि मॉड्युलर किचनवर. ओल्या पायाखाली त्या टाइल्स कशा वागतात हे दुकानात कोणी विचारत नाही. न्हाणीघर फोडलेले असतानाच दांडे बसवण्याजोगी भक्कम भिंत करून घेणे, कमोडच्या बाजूला जागा सोडणे, उंबरा काढून टाकणे, दार बाहेर उघडेल असे लावणे (आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्या अंगाशीच अडते) आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा एक बारीक दिवा देणे, या सगळ्याचा खर्च त्या एकूण बिलात दिसतही नाही. हीच कामे दहा वर्षांनी, कोणी पडल्यानंतर, पुन्हा फोडाफोड करून करायची म्हटली की ती महागही पडतात आणि तोवर एक हाडही मोडलेले असते. ‘महारेरा’ने मे 2024 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत 900 मिलिमीटरपेक्षा रुंद दारे, चाकाची खुर्ची आत जाईल अशी लिफ्ट, उतार आणि पकडायचे दांडे या गोष्टी आहेत. जुन्या सदनिकांतले न्हाणीघराचे दार अडीच फुटांचे किंवा त्याहून अरुंद असते. ही तत्त्वे लागू होतात ती ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना. बहुतेक माणसे मात्र साध्या सोसायट्यांतच म्हातारी होणार आहेत, तेव्हा ती यादी त्यांनी स्वतःच उतरवून घेतलेली बरी.

घरातले बदल घरमालकाच्या हातात असतात, जिना नसतो. 1970 आणि 80 च्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत सगळीकडे उभ्या आहेत आणि पहिल्या पिढीचे सभासद त्यांत अजून राहतात. तळमजलाही वाटतो तेवढा सुटलेला नसतो. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते, म्हणजे दीड फूट जोत्याच्या इमारतीला अठरा फुटांचा उतार लागतो, आणि तेवढ्यात कोणाचे तरी पार्किंग जाते. लिफ्ट मागून बसवायची तर तळमजल्याचे आणि पहिल्या मजल्याचे सभासद विचारतात, आम्ही पैसे का द्यावे? प्रश्न अगदीच चुकीचा नाही, कारण गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा देखभाल खर्च, ती वापरा किंवा न वापरा, इमारतीतल्या सर्व सभासदांवर सारखाच पडतो. सिंगापूरने हा तिढा सरकारी पैशाने सोडवला. सार्वजनिक गृहसंकुलांच्या हजारो इमारतींत 2001 पासून प्रत्येक मजल्यावर थांबणाऱ्या लिफ्ट देण्याचा कार्यक्रम राबवला, मतदानात 75 टक्के रहिवाशांचा होकार लागेल अशी अट घातली आणि खर्चाचा मोठा भाग स्वतः उचलला. तिथली घरे सरकारनेच बांधलेली, तेव्हा तुलना पूर्ण जुळत नाही. पण लिफ्ट ही सोसायटीतल्या भांडणाची बाब न मानता सार्वजनिक आरोग्याची मानता येते, एवढे तरी त्यातून दिसते. आपल्याकडे याचे एकच उत्तर दिले जाते: रिडेव्हलपमेंट.

पहिला मोठा आक्षेप इथूनच येतो. इमारत पाडून नवी होणारच आहे, लिफ्ट येईल, क्षेत्रफळ वाढेल, किंमत दुप्पट होईल. मग आत्ताच घर बदलायची घाई कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. जागेचा भाव चांगला असलेल्या भागात पुनर्विकासाने हजारो कुटुंबांना खरोखर चांगली घरे मिळाली आहेत. राज्य सरकारच्या 4 जुलै 2019 च्या आदेशाने 51 टक्के सभासदांच्या संमतीवर प्रक्रिया पुढे नेता येते, त्यामुळे दोन-तीन अडून बसणाऱ्यांवाचून काम थांबत नाही. पण या वाटेचा वेळ आपल्या हातात नसतो. संमती, विकासकाची निवड, परवानग्या, घर रिकामे करणे, भाड्याच्या जागेत काही वर्षे काढणे आणि मग ताबा, हे सगळे सुरळीत झाले तरी त्यात पन्नाशीची साठी होते. आणि ते नेहमी सुरळीत होत नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, 672 कुटुंबांचा पुनर्विकासाचा करार 2008 मधला आहे. काम अर्धवट पडले, भाडे बंद झाले, शेवटी म्हाडाला ते हाती घ्यावे लागले आणि मूळ रहिवाशांची पंधरा वर्षांहून अधिक वर्षे त्यात गेली. पन्नाशीत जिना उतरून गेलेला माणूस परत येईल तेव्हा कोणत्या वयाचा असेल, हा हिशेब विकासकाच्या सादरीकरणात नसतो. शिवाय नव्या टॉवरचा मासिक मेंटेनन्स जुन्या इमारतीच्या कित्येक पट असतो. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक, क्लब हाउस, सगळ्याचा खर्च त्यात येतो. निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाला हा खर्च पेलवण्यासाठी विकासकाकडून कॉर्पस निधी मागितला जातो, पण तो हातात आल्यावर लग्नात किंवा फर्निचरमध्ये जातो. म्हणून पुनर्विकास आला तर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर राहण्याचा प्रश्न टांगून ठेवू नये. चौथ्या मजल्यावरची सदनिका भाड्याने देऊन त्याच भागात लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने राहता येते. मालकी जात नाही, पुनर्विकासातला हक्कही जात नाही. या सोप्या वाटेने फारसे कोणी जात नाही, कारण ‘स्वतःचे घर असताना भाड्याने?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतात.

दुसरा आक्षेप भावनेचा समजला जातो, पण माझ्या मते तो सर्वात व्यवहारी आहे. माणसे घर सोडत नाहीत याचे कारण ते घर त्यांच्यासाठी नुसत्या भिंती नसतात. नेहमीचा डॉक्टर, उधारीवर देणारा वाणी, रिक्षावाला, सकाळी फिरायला येणारा कट्टा, शेजारची किल्ली ठेवणारी वहिनी, ही सगळी यंत्रणा पंचवीस वर्षांत उभी राहिलेली असते आणि नव्या ठिकाणी ती साठीनंतर पुन्हा उभी राहत नाही. सदाशिव पेठेतले घर विकून शहराच्या कडेला दुप्पट मोठे घेणारा माणूस चौरस फुटांत नफ्यात असतो आणि बाकी सगळ्यात तोट्यात. इथे आक्षेप मान्य करावा आणि त्यातून निघणारा निष्कर्षही: बदलायचे तर घर बदलावे, वस्ती बदलू नये. त्याच पेठेत, त्याच उपनगरात लहान पण सोयीचे घर हा पन्नाशीतला सर्वात शहाणा व्यवहार ठरतो. व्यवहाराचा खर्च मात्र डोळे उघडे ठेवून पाहावा. मोठ्या शहरांत स्थानिक अधिभार धरून मुद्रांक शुल्क सहा-सात टक्क्यांपर्यंत जाते, घर स्त्रीच्या नावावर घेतले तर त्यात एक टक्का सवलत मिळते. दलाली एक-दोन टक्के, त्यावर सामानाची हलवाहलव आणि नव्या घरातली डागडुजी. एक कोटीच्या घरामागे आठ-दहा लाख असे सहज जातात. जुने घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. तो नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर करातून सूट मिळते, आणि लहान घर घेऊन उरलेल्या नफ्यापैकी 50 लाखांपर्यंतची रक्कम सहा महिन्यांत ठराविक रोख्यांत ठेवता येते. मोठ्यातून लहान घरात जाताना ही दुसरी सोय विशेष कामाची असते आणि नेमकी तीच लोकांना उशिरा कळते. एवढा खर्च पाहता दोन वेळा घर बदलणे परवडत नाही. जे बदलायचे ते एकदाच, म्हणून अंगात ताकद असताना आणि बँक कर्ज देते आहे तोवर बदलावे.

मधल्या वयात याच्या बरोबर उलटही घडते: घर लहान होण्याऐवजी दुसरे घर येते. कर्ज फिटले, बोनस आला, की कोकणात वाडीवजा प्लॉट, लोणावळ्याच्या बाजूला बंगला किंवा पुण्याच्या टोकाला गुंतवणुकीची सदनिका घेतली जाते. बंगल्याबद्दल थोडक्यात एवढेच: महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे ‘फार्महाउस प्लॉट’ म्हणून जे विकले जाते ते बिगरशेती झालेले आहे की नाही हे सातबाऱ्यावरच पाहावे, जाहिरातीत पाहू नये. गुंतवणुकीच्या सदनिकेचा हिशेब जरा सविस्तर करायला हवा. आपल्या मोठ्या शहरांत घराचे वार्षिक भाडे किमतीच्या साधारण दोन ते चार टक्के भरते. कोटीच्या घराला महिना पंचवीस हजार आले तर ते तीन टक्के झाले. त्यातून मालमत्ता कर, मेंटेनन्स, त्यातल्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क, रंगरंगोटी आणि रिकामे राहिलेले महिने वजा करायचे. भाव वाढेल हे खरे असू शकते, पण वाढलेला भाव विकल्याशिवाय खाता येत नाही आणि पासष्टीत औषधपाण्यासाठी अर्धी खोली विकता येत नाही. ‘जमीन कधी दगा देत नाही’ असे म्हणणाऱ्यांना सोने आणि शेअर यांचा दगा दिसलेला असतो. जमिनीचा दगा हळू असतो, म्हणून तो मोजला जात नाही. ज्याची जवळजवळ सगळी संपत्ती आधीच एका शहरातल्या एका सदनिकेत आहे, त्याने पन्नाशीत दुसरी सदनिका घेणे म्हणजे आहे त्याच टोपलीत आणखी अंडी ठेवणे होय.

आता वारसा. इथेच क्रम सर्वात जास्त बिघडतो. महाराष्ट्रात नवरा, बायको, मुले, नातवंडे यांना राहते घर बक्षीसपत्राने द्यायचे तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. ही सवलत चांगलीच आहे, पण तिच्यामुळे ‘आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू, नंतर कटकट नको’ हा विचार फार स्वस्त झाला. मृत्युपत्र कधीही बदलता येते, नोंदवलेले बक्षीसपत्र मात्र सहजासहजी फिरवता येत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातले कलम 23 सांगते की, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, ज्येष्ठाला परत मागता येते. पण ती अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. 2025 च्या निकालात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे सांगितले आणि न्यायाधिकरणाला ताबा परत देववण्याचाही अधिकार असल्याचे स्पष्ट केले. दिलासा आहे, पण आपल्याच मुलाविरुद्ध न्यायाधिकरणाची पायरी चढून मिळणारा. यापेक्षा घर शेवटपर्यंत आपल्या नावावर ठेवून मृत्युपत्र करणे कितीतरी सरळ आहे. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. आणि नॉमिनेशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नॉमिनी हा खरे वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो.

मृत्युपत्राची सर्वात जास्त निकड ज्यांना आहे त्यांचा उल्लेख अशा चर्चांत सहसा येत नाही. त्या म्हणजे मूल नसलेल्या विधवा आणि स्वतःच्या कमाईने घर घेतलेल्या स्त्रिया. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, मृत्युपत्र न करता गेलेल्या निपुत्रिक विधवेची मालमत्ता तिच्या आईवडिलांआधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. ही पुस्तकी शक्यता नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणातली स्त्री लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झाली, सासरी तिला थारा राहिला नाही, माहेरच्यांनी तिला शिकवले, तिने नोकरी करून पैसा जोडला. ती गेल्यावर तो पैसा गेला सासरच्या वारसांकडे, कारण कायदा स्वकष्टार्जित मालमत्तेत भेद करत नाही. गोव्यात याच्या उलट अडचण आहे. तिथल्या समान नागरी कायद्याने पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते, घर विकायला दोघांची संमती लागते आणि आपल्या वाट्याचा अर्धा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखीव असल्याने मृत्युपत्राने फक्त उरलेल्याची विल्हेवाट लावता येते. तिथल्या गावागावांत कुलूप लागलेली मोठी घरे दिसतात त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली हिस्सेदारी हे एक मोठे कारण आहे. म्हणून जोडीदारांनी एकमेकांशी आणि भावंडांनी आपसांत वाटणीची बोलणी सगळे हयात असताना, पन्नाशीतच, उरकणे तिथे जास्त गरजेचे ठरते.

वारशाच्या मोहाचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे रिव्हर्स मॉर्गेजची कहाणी. 2007 च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली आणि राष्ट्रीय आवास बँकेने तिचे नियम आखले: साठी ओलांडलेल्या घरमालकाने घर बँकेकडे गहाण ठेवावे, बँकेने त्याला दरमहा पैसे द्यावेत, त्याने आणि जोडीदाराने हयातभर त्याच घरात राहावे, पुढे वारसांनी कर्ज फेडून घर घ्यावे किंवा बँकेने विकावे. त्या पैशावर प्राप्तिकरही नाही. तरीही योजना रुजली नाही. बँकांचा निरुत्साह, घराच्या किमतीचे सावध मूल्यांकन आणि जुन्या सोसायट्यांचे अपुरे कागद ही कारणे खरी आहेत. पण त्यांच्या मागे, मुलांना कर्जाचे घर कसे ठेवायचे, हा संकोचही आहे. तो आईवडिलांच्या मनात असतो तेवढा अनेकदा मुलांच्या मनात नसतो. अमेरिकेत किंवा बंगळुरूत स्थिरावलेला मुलगा ठाण्याच्या टू-बीएचकेत परत येणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी सदनिका त्याच्यासाठी राखलेली असते. त्याला एकदा स्पष्ट विचारले तर पुष्कळ गणिते सुटतात. तो येणार असेल तर तेही कळते आणि मग ते घर मोठे ठेवण्याला अर्थ येतो.

तिसरा आक्षेप असा घेता येईल की ही सगळी चर्चा स्वतःचे घर असलेल्यांची आहे. खरे आहे. पन्नाशीत अजून भाड्याने राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा आणि जास्त कठीण आहे, कारण अकरा महिन्यांच्या करारावर सत्तरीतल्या एकट्या भाडेकरूला घर द्यायला मालक कचरतात आणि कायदा त्याला कसले संरक्षण देत नाही. अशा माणसाला बँका साधारण सत्तरीपर्यंत फिटेल एवढेच कर्ज देतात, तेही निवृत्तीनंतरचे उत्पन्न दाखवता आले तर. त्याच्यासाठी माझा कौल मोठ्या शहरातल्या मोठ्या घराऐवजी लहान घराच्या बाजूने आहे, मग ते वन-आरके का असेना किंवा नाशिक, सातारा, रत्नागिरीसारख्या दवाखाने असलेल्या शहरात का असेना. इथे वस्ती न बदलण्याचा वर मांडलेला नियम मोडतो, हे मला मान्य आहे. पण तो नियम ज्याला वस्तीत टिकून राहता येते त्याच्यासाठी आहे. पंचावन्नाव्या वर्षी गाव बदलून नव्याने ओळखी करता येतात. घरमालकाने करार वाढवला नाही म्हणून पंच्याहत्तरीत गाव सोडावे लागले, तर त्या करता येत नाहीत.